दोष रशीदच्या काट्याचा नव्हता

म्हादेवी, तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. घरात येणारा प्रत्येकजण मला सांगतो, "रडा मालक, रडून मोकळे व्हा." मी रडलो नाही म्हणून तुझी बहीण मैंदर्गीला परत जाताना तोंड वाकडं करून गेली. तिला काय सांगू? माझ्या घशात रडू अडकलेलं नाही. घशात एक घोट पाणी अडकलंय, तीस वर्षांपूर्वीचं, आणि ते लई खारट आहे. तेच सांगायला बसलोय. मध्ये बोलू नकोस. जन्मभर मध्ये बोललीस, आता जरा ऐक.

तू सातवी पास आणि मी चौथी. तीन इयत्तांचा फरक तू मला कधी विसरू दिला नाहीस. त्यात तुला शाळेच्या प्रयोगशाळेत सेविकेची नोकरी लागली आणि माझं नशीबच फुटलं. काम काय, तर काचेच्या नळ्या धुवायच्या, टेबलं पुसायची, कपाटाला कुलूप लावायचं. पण सर शिकवायला लागले की तू कपाटाच्या आडोशाला फडकं घेऊन उभी. पोरं दरवर्षी बदलायची, धडा तोच. मी म्हणायचो, सव्वीस वर्षं एकच धडा ऐकला तर म्हैससुद्धा पास होईल. तू म्हणायचीस, "म्हैस व्हईल. तुमचं सांगता येत न्हाय."

तो धडा संध्याकाळी चुलीपुढं परत व्हायचा. पदार्थ म्हणजे काय? जे जागा व्यापतं आणि ज्याला वजन असतं ते. मी कारखान्यातून येऊन बाजेवर आडवा झालो की तू आतनं म्हणायचीस, "आला पदार्थ. जागा व्यापली, आता वजन टाकतोय." मग पदार्थाच्या तीन अवस्था आपल्याच घरात वाटून टाकल्यास. माझी आई स्थायू, कुठंबी ठेवा, आकार सोडत नाही. मी द्रव, आईपुढं आईसारखा, तुझ्यापुढं तुझ्यासारखा, ज्या भांड्यात ओतला त्या भांड्याचा. आणि मोहोळचा माझा भाऊ वायू. "एका खोलीत सोडला तरी सगळ्या घरात पसरतो," म्हणालीस. भाऊ पडवीतच बसला होता. ऐकलं, उठला आणि सहा महिने फिरकला नाही. मी तुला बोल लावला तर म्हणालीस, "बघा की, झाकण लावलं तर वायू बी गप बसतो."

मी पण काही कमी नव्हतो. अणू, कण, हे सगळं मला थोतांड वाटायचं. दिसत नाही ते नाही, हा माझा हिशोब. तू म्हणायचीस, "वास दिसतो का? तुमी डाईंगवरनं आलाव की मला डोळे मिटून कळतं." यावर मी चहा मागायचो. एकदा तू सांगितलंस की अणूच्या आत बहुतेक मोकळी जागाच असते. मी म्हणलो, "मग मी ह्या भिंतीतनं पलीकडं का जात न्हाय?"

"जाऊन बघा की."

मी खांदा मारला. भिंतीचा गिलावा पडला, शेजारची काशीबाई ओरडत आली, काय झालं, काय पडलं म्हणून. तू तिला शांतपणे सांगितलंस, "काय न्हाय अक्का. मालक शिकलालेत."

खरं म्हणजे पाणी, रंग, मीठ ह्यातलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे होतं. अख्खं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला काढलं. आपल्या हळदीच्या दिवशीसुद्धा माझे हात कोपरापर्यंत हिरवे होते, आणि तुझ्या बापानं मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोराला काय झालंय? पसरणारं तर न्हाय?" तर रंग सुताला नीट धरावा म्हणून रंगाच्या गरम हौदात मीठ टाकावं लागतं, पोत्यानं. ते मी टाकायचो. एक दिवस घरी येऊन सहज बोललो, "आज चार पोती मीठ पान्यात संपलं."

"संपलं न्हाय. पान्यात हाय."

"दिसतंय का?"

"दिसत न्हाय म्हणून वजन जातं का? पान्याचं वजन आन मिठाचं वजन, दोन्ही मिळून हौदाचं वजन तेवढं वाढणारच."

"विरघळलं म्हंजे संपलं," मी म्हणलो. आठ दिवस हेच चाललं. भाकरी वाढताना तेच, पाणी भरताना तेच. माझी आई जपमाळ ओढता ओढता म्हणाली, "अगं ए, मिठावरनं घटस्फोट घेता का आता?"

पण ते भांडण नुसतं मिठाचं नव्हतं, हे तुला माहीत होतं आणि मला पण. तुला बाहेरून दहावीला बसायचं होतं. सतरा नंबरचा फॉर्म तू शाळेतनं आणला होतास. फोटोपण काढून आणलास, तीन प्रती. फोटोवाल्यानं हसू नका सांगितलं होतं म्हणून तू अशी बघत होतीस की जणू त्याचाच पेपर तपासायचाय. मी फॉर्मला नाही म्हणत नव्हतो आणि हो पण म्हणत नव्हतो. बघू म्हणत होतो. बघू म्हणजे काय ते तुला चांगलं कळायचं.

म्हणून तूच पैज लावलीस. "रशीदभाईच्या दुकानात जाऊन वजन करू. आधी पानी आन मीठ येगळं, मग मिसळून. वजन तेवढंच आलं तर मी फॉर्म भरणार. कमी आलं तर फॉर्मचं नाव काढणार न्हाय. कबूल?"

मी म्हणलो, कबूल.

रविवार होता. कोपऱ्यावरचं रशीदचं किराणा दुकान, तेव्हा त्याच्याकडं दोन पारड्यांचा तराजू होता. तू तांब्याभर पाणी घेतलंस, रशीदनं कागदावर अर्धा पाव मीठ दिलं, दोन्ही एकाच पारड्यात ठेवलं आणि दुसरीकडं मापं लावून काटा सरळ केला. काशीबाई आणि आणखी दोघी-तिघी बघायला उभ्या. आता मिसळायचं. मी पुढं झालो. "हालवायचं काम माझं. डाईंगचा माणूस हाय मी." तुला ते बरोबरच वाटलं. उलट तुला बरं वाटलं, की मालक प्रयोगात भाग घेतलालेत.

मी तांब्या घेऊन दुकानाच्या पायरीवर गेलो, लोकांकडं पाठ केली, मीठ टाकलं, चमच्यानं हालवलं. आणि एक मोठा घोट प्यालो.

म्हादेवी, हे मी केलं. लिहिलं एकदाचं.

तुला कल्पना नाही ते काय पाणी होतं. समुद्र मी पाहिलेला नाही, पण पाहायची गरज उरली नाही. डोळ्यांतनं धार लागली, कान गरम झाले, आणि तसाच मी वळून तांब्या पारड्यात ठेवला. रिकामा कागदपण ठेवला आणि चमचा... चमचा पहिल्या वजनात नव्हताच, म्हणून तू तो काढून ठेवलास. इतकी तू काटेकोर. पारडं वर गेलं. रशीद म्हणाला, "भाभी, कम है."

तू वाकून तांब्यात बघत राहिलीस. मग माझ्याकडं बघितलंस. माझ्या डोळ्यांत पाणी. तुला वाटलं, मला तुझं वाईट वाटतंय. माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि तुझ्या माहेरच्या, मैंदर्गीच्या कानडी बोलीत, हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलंस, "उप्पु यल्लि होत्री?" मीठ कुठं गेलं हो?

मी मागच्या गल्लीत जाऊन ओकलो.

तू फॉर्म भरला नाहीस. पैज म्हणजे पैज. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलंस, सर म्हणाले, असं होऊच शकत नाही, काटा चुकीचा असणार. आणि तिथनं सगळं वाकडं झालं. तू शास्त्राला दोष दिला नाहीस, स्वतःला दिला नाहीस, मला तर नाहीच नाही. तू दोष दिलास रशीदच्या काट्याला. त्या दिवसापासून तू त्याच्याकडनं साधी काडेपेटी घेतली नाहीस. उन्हातान्हात पिशवी घेऊन पार दुसऱ्या चौकातल्या दुकानात जायचीस. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की सांगायचीस, "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पान्यातलं मीठ खातो त्याचा काटा." बायकांना एवढं बास. रशीदच्या पाठीमागं त्याला काटामार नाव पडलं. त्यानं तराजू बदलला, मग इलेक्ट्रिकचा काटा आणला, मापं तपासून शिक्का मारून घेतला आणि तो कागद दारात लावला. तरी तू जाताना त्या कागदाकडं बघून नाक उडवायचीस. आणि मी तुझ्या मागं पिशवी धरून चालायचो. रोज. गप.

मी कधीतरी सांगणार होतो. आई गेल्यावर सांगू म्हणलो. आपल्या पोराचं, बसूचं लग्न झाल्यावर सांगू म्हणलो. बसू जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहायला गेला, घरात आपण दोघंच उरलो, तेव्हा तर काही अडचणच नव्हती. पण इतकी वर्षं झाली की गुन्हा केवढा होता ते विसरतं, आणि लपवला केवढा तेवढंच उरतं. आणि एक गोष्ट मला आतनं खात होती. तू माझ्यावर एकदा तरी संशय घ्यायला पाहिजे होतास. एकदा जरी म्हणाली असतीस, "री, अहो, तुमी तर काय केलं न्हाय न्हवं?" मी त्याच जागी कबूल झालो असतो. बहुतेक. तू विचारलंच नाहीस. नवऱ्यापेक्षा काटा खोटा, असं तू धरून चाललीस.

शेवटी दवाखान्यात होतीस तेव्हाचं तुला आठवत असेल. हाताला सलाईन लावलेली. अंगात ताकद नाही, पण शिकवणं सुरूच. बाजूच्या खाटेवरच्या आजीला समजावत होतीस, "बाटली वर टांगलीय म्हणून पानी खाली येतंय. खाली ठिवली तर आपलंच रगात उलटं बाटलीत जातंय बघा." आजी किंचाळली. नर्स धावत आली. नर्सनं सांगितलं की बरोबर आहे त्यांचं, तर आजी आणखी जोरात किंचाळली. मला तुझ्या बाजूला बसून हसू आवरेना, आणि तू मला डोळे वटारलेस, की शिकवताना हसायचं नाही.

मग संध्याकाळी तू बाटलीकडं बोट दाखवलंस. "री, त्यात मीठ हाय."

"डॉक्टर तसं म्हणले."

"दिसतंय का?"

"न्हाय."

"पन हाय का न्हाय?"

मी म्हणलो, "हाय."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी हाय म्हणलो. तुझा चेहरा असा फुलला की सलाईनपेक्षा त्याचाच तुला गुण आला असं वाटलं. आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "म्हंजे रशीदभाईचा काटाच वाईट होता. मी म्हणतच हुते."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. एकच वाक्य. काटा न्हाय, मी. तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली आणि मी सुटलो. ती एका मिनिटात गेली. मी परत सुरू केलं नाही. त्यात नर्सचा काय दोष?

त्यानंतर तीन दिवसांनी तू गेलीस.

आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि खड्ड्यात मीठ टाकतात, हे तुला सांगायला नको. बसू घाबरून गेला होता, त्याला कुठलं दुसऱ्या चौकातलं दुकान सुचणार? त्यानं जवळच्या दुकानात सांगितलं. आणि मीठ घेऊन आला कोण, तर स्वतः रशीद. म्हातारा झालाय तो पण, गुडघे गेलेत, तरी स्कूटरवर पुढं पोतं ठेवून आला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "इरण्णा, मैं खुद तौल के लाया. भाभी को बोल, आज वजन पूरा है."

विधी सांगणारे स्वामी म्हणाले, "मालक, पहिली मूठ तुमची." मी मूठ भरली. खाली बघितलं. तू मांडी घालून, विभूती लावून, फुलं लेऊन बसलेली, अशी की आता घंटा होणार आणि पेपर सुरू होणार. माझी मूठ उघडेना. स्वामी म्हणाले, "टाका." मी उभाच. तुझी बहीण मागं हुंदका देऊन म्हणाली, "बघा, किती जीव हुता. हात सुटंना मालकाचा." सगळे रडायला लागले. मला एकट्यालाच माहीत की हात का सुटेना. शेवटी स्वामींनी माझी बोटं एकेक करून उघडली.

काल सकाळी मी रशीदच्या दुकानात गेलो. त्यानं स्टूल पुढं केलं, चहा मागवला. मी म्हणलो, "चहा ऱ्हाऊ दे. आधी ऐक." आणि सांगितलं. सगळं. पायरी, पाठ, घोट.

त्यानं विचारलं, "तू पी गया था?"

"व्हय."

"नमक का पानी?"

"व्हय."

"उलटी नहीं हुई तेरेकू?"

"झाली की. मागच्या गल्लीत."

"अच्छा हुआ," तो म्हणाला. मग एकदम भडकला. "तीस बरस! तीस बरस से मेरेकू काटामार बोलते औरतां! मेरी बीवी मायके में मुंह छुपाती थी! तराजू भंगार में दिया मैंने, तेरे एक घूंट के वास्ते!" बाहेर उभी असलेली दोन गिऱ्हाइकं आत डोकावायला लागली. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्याला उठायलाच दोन मिनिटं लागतात.

मग तो म्हणाला, "कर. मेरे सामने कर."

मी तांब्या भरला. त्यानं कागदावर मीठ मोजलं. तांब्या, मीठ, कागद, आणि ह्या वेळी चमचापण, सगळं इलेक्ट्रिकच्या काट्यावर ठेवलं. आकडा त्यानं पेन्सिलीनं खोक्यावर लिहिला. मी त्याच्या डोळ्यांसमोर मीठ टाकलं, हालवलं, तांब्या परत ठेवला.

कमी.

रशीद म्हणाला, "देख. फिर कम." मी ओरडलो, "प्यालो न्हाय बे! तुझ्यासमोर हाय मी!" तो म्हणाला, "मुंह खोल." मी उघडलं. त्या दोन गिऱ्हाइकांनीपण वाकून बघितलं. तोंडात काही नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता तुला खरं ठरवायचं म्हणून आलो आणि काटा परत तुझ्याविरुद्ध गेला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "अण्णा, चमचा तुमच्या हातात हाय."

चमचा ठेवला. आकडा वर गेला. तरी थोडं कमी. मग मी तुझ्यासारखा विचार करायला लागलो. गेलं म्हणजे कुठंतरी आहे. कागद खाली पडला होता, तो उचलून ठेवला. आकडा सरकला. अजून जराशी उणीव. फळीवर दाणे सांडले होते, ते बोटानं गोळा केले, कागदावर झटकले. माझ्या तळहाताला घामात चिकटलेले होते, ते खरवडले. सत्तरी ओलांडलेला माणूस किराणा दुकानात स्वतःचा तळहात खरवडतोय, आणि तिघं श्वास रोखून बघतायत.

आकडा जुळला. खोक्यावर लिहिलेला तोच.

मी हसलो आणि मग आठ दिवसांचं जे राहिलं होतं ते तिथंच झालं, फळीवर डोकं ठेवून. रशीदनं तांब्या बाजूला सरकवला. म्हणाला, "उसमें नक्को रो. वजन बढ़ेगा."

नंतर चहा आला. तो म्हणाला, मला सांगून उपयोग नाही, माझा काटा गल्लीसमोर खोटा पडला, गल्लीसमोर खरा कर. लिहून दे. म्हणून हे लिहिलंय. तो हे दुकानाच्या फळीवर चिकटवणार आहे. काशीबाईला दिसत नाही, तिला मी स्वतः वाचून दाखवणार, भिंतीच्या गिलाव्यासकट. हसू देत बायका. तुझ्या बहिणीलापण एक प्रत पाठवतो, म्हणजे तोंड आणखी वाकडं करता येईल.

एक गोष्ट मात्र मी रशीदला सांगितली नाही, कारण ती त्याची नव्हे. हा शेवटचा कागद फळीवर लागणार नाही, तो तुझा. सगळ्यांना वाटेल, आपण बरोबर आहोत असं ह्याला वाटत होतं आणि हरायच्या भीतीनं ह्यानं घोट घेतला. तसं नाही. पैजेच्या आदल्या दिवशी जेवताना तू डब्यात शेंगा भरल्यास, गच्च, आणि वरनं तीळ ओतलेस. एकही तीळ सांडला नाही. सगळे शेंगांच्या फटीफटीत जाऊन बसले. डबा माझ्या हातात दिलास आणि काहीच बोलली नाहीस. तीळ वरनं दिसत नव्हते, तरी डबा जड झाला होता. मी डबा परत दिला आणि म्हणलो, भाजी वाढ.

मला कळलं होतं, म्हादेवी. त्याच वेळी, सगळं. दुकानात जायच्या आधीच मला माहीत होतं की काटा सरळ येणार. माहीत नसतं तर घोट कशाला घेतला असता? जे सरांना सव्वीस वर्षं पोरांच्या डोक्यात घालता आलं नाही, ते तू चौथी पास माणसाच्या डोक्यात एका जेवणात घातलंस, तोंड न उघडता. त्यालाच मी घाबरलो.

तू पास झाली असतीस. पहिल्याच झटक्यात.